आठ ग्रॅमचे विमान

काचेच्या कपाटातील मधल्या फळीवर एक विमान ठेवलेले आहे. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले, तर ते जेमतेम १७ सेंटिमीटर भरते. पाठीवर गडद हिरव्या आणि मातकट तपकिरी रंगांचे नागमोडी पट्टे आहेत. वरून पाहणाऱ्या शत्रूला ते शेतजमिनीत मिसळून गेलेले दिसावे, हा त्यांचा हेतू. पोटाचा रंग आभाळाशी जुळणारा, फिकट. धडाच्या बाजूला 'जीएन' आणि 'ए' अशी मोठी राखाडी अक्षरे, आणि शेपटीकडे भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक आकारात 'पी ३५७६' हा क्रमांक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलाने वापरलेल्या हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाची ही प्रतिकृती. मूळ विमानाच्या ७२व्या हिश्श्याची. या जातीची १४ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. फळीवरचे विमान त्यांपैकी कोणतेही एक नव्हे. ते पी ३५७६ आहे.

अशा प्रतिकृती जमवणारा संग्राहक पाहुण्याच्या हातात विमान देतो, तेव्हा पाहुण्याच्या तोंडून पहिला उद्गार बहुधा एकच निघतो, "बरेच जड आहे की!" संग्राहकाला तो उद्गार आवडतो. प्लॅस्टिकच्या हलक्या खेळण्याहून आपली वस्तू वेगळी आहे, ती धातूची आहे, खरी आहे, याची ती पावती असते. परंतु थोडे गणित केले, तर खरेपणाची ही खूणच खोटी ठरते. लांबी ७२ पटींनी कमी केली, की रुंदी आणि उंचीही तेवढ्याच पटींनी कमी होते. म्हणून वजनाला ७२च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ने भागावे लागते. इंधन आणि दारूगोळा भरलेल्या हरिकेनचे वजन सुमारे ३ टन असे. त्या हिशेबाने फळीवरच्या विमानाचे वजन केवळ ८ ग्रॅम भरायला हवे; पाऊण तोळ्याच्या आसपास. उलट, हातातले विमान २०० ग्रॅमचे आहे असे धरले आणि तेच मूळ आकारापर्यंत वाढवले, तर ७४ टनांहून अधिक वजनाचा राक्षस तयार होईल आणि तो धावपट्टीवरून तसूभरही वर उठणार नाही. डोळ्याला ही वस्तू खरे सांगते आणि हाताला खोटे.

हा जडपणा जस्ताचा आहे. जस्तात सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम आणि किंचित तांबे व मॅग्नेशियम मिसळून केलेला मिश्रधातू वितळवतात आणि तो पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरतात. या ओतकामाला डायकास्टिंग म्हणतात. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, साच्यातील बारीकशा खाचेतही शिरते आणि थंड होताच घट्ट होते. एकाच साच्यातून हजारो नग निघतात. मग कडेला आलेली जादा धार घासून काढायची, पंख आणि धड जोडायचे, रंग फवारायचा, आणि अक्षरे व चिन्हे मऊ रबरी गोळ्यावर उचलून विमानाच्या वळणदार अंगावर एकेक करून उमटवायची. चिन्हातील प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो. ठसा अर्ध्या मिलिमीटरने सरकला, तर मूळ मापात ती चूक साडेतीन सेंटिमीटरांहून मोठी होते, आणि सरावलेला संग्राहक ती तत्काळ हेरतो.

मौजेची गोष्ट अशी, की मूळ हरिकेनच्या धडाचा मागचा भाग पत्र्याचा नव्हताच. धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यांवर ताणून बसवलेले लिननचे कापड, असे त्याचे अंग होते. कापडावर विशिष्ट द्रवाचे हात देऊन ते ताठ करीत. गोळी लागली, तर बहुतेक वेळा ती कापडातून आरपार निघून जाई, आणि तळावरचे कारागीर ठिगळ लावून विमान पुन्हा उडवण्याजोगे करीत. युद्धात शिंप्याच्या कसबालाही असे मोल आले होते. आतल्या पट्ट्यांमुळे कापडावर लांबट उंचवटे दिसत. प्रतिकृतीच्या साच्यात हे उंचवटे कोरून काढावे लागतात. कापडाचा ताण जस्तात ओतायचा, म्हणजे सोपे काम नव्हे. साचा कोरणाऱ्याच्या कौशल्याची खरी परीक्षा पंख्यात किंवा बंदुकांच्या नळ्यांत होत नाही. ती या उंचवट्यांत होते.

अशी लहान विमाने युद्ध संपल्यावर, आठवणीदाखल बनू लागली असतील, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ७२व्या हिश्श्याचे प्रमाण फूट-इंचांच्या मोजणीतून आले. प्रतिकृतीतील १ इंच म्हणजे मूळ विमानातील ६ फूट. ब्रिटनमध्ये १९३२ साली 'स्कायबर्ड्स' या नावाने लाकडी विमानांचे संच निघाले आणि त्यांनी हे प्रमाण रूढ केले. पुढे १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाला हेच प्रमाण सोयीचे वाटले. जहाजावरच्या तोफचीला आकाशात दिसणारा ठिपका आपला की परका, हे काही क्षणांत ठरवायचे असते. ते शिकवण्यासाठी नौदलाने देशभरच्या शाळकरी मुलांना विमानांच्या ५ लाख लाकडी प्रतिकृती तयार करण्याचे आवाहन केले. मुलांनी लाकूड तासले, घासले आणि विमाने काळ्या रंगाने रंगवली; कारण दूरच्या विमानाचा रंग दिसत नाही, आकृती तेवढी दिसते. वर्गात १० मीटरवर धरलेली प्रतिकृती डोळ्याला ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसे. चूक झाली, तर शत्रू निसटे किंवा आपलाच माणूस मरे. आज कपाटात शोभेसाठी बसलेली ही वस्तू त्या काळी ओळख पटवण्याचे साधन होती.

खेळण्यांची कथा याच काळाला समांतर जाते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी टॉइज' या नावाने ओतीव धातूच्या छोट्या मोटारी आणि विमाने बाजारात आणली होती. १९४० साली स्पिटफायर या लढाऊ विमानासाठी लोकवर्गणी सुरू झाली. एका विमानाची किंमत ढोबळमानाने ५,००० पौंड धरलेली होती. डिंकीने एक चिमुकले स्पिटफायर काढले, त्याला कडी लावली आणि ते या निधीसाठी विकले. त्याच वर्षी जुलै महिन्यात ब्रिटनमधील गृहिणींना घरातली अॅल्युमिनियमची भांडी विमानांसाठी देण्याचे आवाहन झाले, आणि पातेली-तव्यांचे ढीग लागले. त्या भांड्यांचा विमानांना प्रत्यक्षात फारसा उपयोग झाला नाही, असे पुढे म्हटले गेले. पण देणाऱ्या बाईने चुलीवरचे पातेले दिले होते, हे खरेच. भारतातूनही पैसा गेला. स्पिटफायर उडवणाऱ्या १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'सिटी ऑफ बॉम्बे' हे नाव मिळाले आणि १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचे. हैदराबादचे नाव तर एकाहून अधिक स्क्वाड्रनांनी धारण केले. युद्ध वाढले, तशी धातूची खेळणी बनवण्यास बंदी आली. ज्या कारखान्यात खेळण्यातली विमाने होत होती, तेथे युद्धसामग्री तयार होऊ लागली.

युद्धापूर्वीच्या त्या खेळण्यांपैकी कित्येक आज रुग्णावस्थेत आहेत. जस्त पुरेसे शुद्ध नसले, त्यात शिशाचा अंश राहिला, की धातूला आतून एक प्रकारची कीड लागते. वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. मग रंगावर बारीक भेगा उमटतात, अंग फुगते, पंख वाकतात, आणि एके दिवशी विमान फळीवरच मोडून पडते. कोणी हात लावलेला नसतो. दमट, उष्ण हवेत हा रोग लवकर बळावतो. कोकणपट्टीतल्या संग्राहकाने याची धास्ती बाळगावी, हे उचितच. या रोगावर औषध नाही. सुदैवाने धातू शुद्ध ठेवण्याचे तंत्र पुढे रुळले, त्यामुळे अलीकडच्या प्रतिकृती या बाबतीत निर्धास्त आहेत.

आता रंगखुणांविषयी. संग्राहकांचे वाद ऐकणाऱ्या त्रयस्थाला प्रथम हसू येते. अमुक महिन्यात पोटाचा रंग कोणता होता, अक्षर चिन्हाच्या डाव्या बाजूला की उजव्या, यावर रात्र रात्र चर्चा चालते. हे वेड निव्वळ पोरकट मात्र म्हणता येत नाही. अक्षरांवरून स्क्वाड्रन कळते, क्रमांकावरून विमान, आणि विमानाच्या नोंदीवरून त्या दिवशी त्यात बसलेला माणूस. रंगाचा आग्रह धरणारा मनुष्य नकळत नावापर्यंत पोहोचतो. अडचण पुढे येते. जर्मन विमानांच्या शेपटीवर नाझींचे स्वस्तिक होते. भारतीय घरात उंबऱ्यावर आणि वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने काढले जाणारे मंगलचिन्ह, आणि लक्षावधी माणसांना मृत्यूकडे नेणाऱ्या राजवटीने कलते करून उचललेली ही खूण, यांत काडीचेही साम्य मानता येणार नाही. तरीही आकृती तीच आहे, आणि डोळा क्षणभर अडखळतो. जर्मनीच्या कायद्याने ती खूण मिरवण्यास मनाई केली आहे. म्हणून पुष्कळ प्रतिकृतींची शेपटी कोरी असते. काही निर्माते ती खूण दोन अर्ध्या तुकड्यांत देतात, जोडायची की नाही ते घेणाऱ्याने ठरवावे. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे, तर खूण हवी. आणि ती दिवाणखान्यात झळकू लागली, की पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. कोरी शेपटी हेही खोटेच, पण त्या खोट्यात थोडी लाज आहे, आणि म्हणून ते अधिक सुसह्य वाटते.

त्याच शेपट्यांवर काही वेळा उभ्या रेघांची रांग असते. रेघ एक, म्हणजे पाडलेले विमान एक. प्रतिकृतीत ती रेघ केसाएवढी येते. संग्राहक भिंग लावून रेघा मोजतो, आणि मोजणी बरोबर निघाली, तर समाधानाने भिंग खाली ठेवतो. रेघांत माणसे असतात, हे लक्षात यायला वेळ लागतो. काहींच्या तर ते कधीच लक्षात येत नाही.

फळीवरच्या हरिकेनवर अशा रेघा नाहीत. १६ ऑगस्ट १९४० रोजी २४९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील फ्लाइट लेफ्टनंट एरिक जेम्स ब्रिंडली निकोलसन हे विमान घेऊन इंग्लंडच्या दक्षिणेकडे, साउदॅम्प्टनच्या आकाशात गेला होता. वय २३. शत्रूच्या तोफगोळ्यांनी विमानाला गाठले; निकोलसन जखमी झाला आणि इंधनाची टाकी पेटली. हरिकेनची एक टाकी वैमानिकाच्या अगदी समोर असे, त्यामुळे आग थेट कॉकपिटमध्ये शिरली. तो उडी मारण्याच्या तयारीत होता. तेवढ्यात मेसरश्मिट ११० जातीचे एक जर्मन विमान त्याच्या पुढ्यात आले. तो परत आसनावर बसला, आणि हात भाजत असताना त्याने त्या विमानावर गोळ्यांचा वर्षाव केला. त्यानंतर त्याने उडी घेतली. छत्रीने खाली येत असताना, शत्रूचा वैमानिक समजून, जमिनीवरच्या गृहरक्षक दलाच्या लोकांनी त्याच्यावरच गोळी झाडली. त्याच्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ब्रिटनच्या लढाऊ विमानदलातील वैमानिकाला संपूर्ण युद्धात मिळालेला हा एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस होय.

म्हणून हे विमान संग्राहकांच्या परिचयाचे आहे, आणि म्हणूनच ते फळीवर पाहताना विचित्र वाटू लागते. रंग ताजा, काच स्वच्छ, पंखा नीट. जळण्यापूर्वीचे शेवटचे काही तास येथे थांबवून ठेवलेले आहेत. त्या दिवशी निकोलसनसोबत उडालेल्यांत मार्टिन किंग नावाचा एक तरुण वैमानिक होता. त्याच्या हरिकेनचा क्रमांक पी ३६१६. त्याचेही विमान पाडले गेले, त्यानेही उडी मारली. पण त्याची छत्री आकाशातच निकामी झाली आणि तो मरण पावला. जमिनीवरून झालेल्या गोळीबाराने ती फाटली, असे सांगितले जाते. दोन्ही विमानांचे रंग तेच, स्क्वाड्रनची अक्षरे तीच. एकाच साच्यातून दोन्ही निघू शकतील. विकत घेणारा मात्र पी ३५७६च मागतो.

निकोलसनची कथाही १९४० साली संपत नाही. बरा झाल्यावर १९४२ साली तो भारतात आला. येथून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या २७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्याने केले. हे स्क्वाड्रन पुढे मॉस्किटो विमाने वापरू लागले. मॉस्किटो मुख्यतः लाकडाचे विमान. येथल्या उष्ण-दमट हवेत त्याच्या सांध्यांनी वैमानिकांना पुष्कळ चिंता दिली. २ मे १९४५ रोजी निकोलसन बंगालमधील साल्बनी तळावरून निघालेल्या लिबरेटर या बॉम्बफेकी विमानात निरीक्षक म्हणून बसला. इंजिनाने पेट घेतला आणि विमान बंगालच्या उपसागरात कोसळले. त्याचा देह मिळाला नाही. युरोपातील युद्ध संपायला तेव्हा सहा दिवस उरले होते. प्रतिकृतीसोबत येणाऱ्या छापील कार्डावर सहसा १९४०चा तो एक दिवस असतो. पुढची पाच वर्षे, हा देश आणि तो समुद्र त्यावर मावत नाहीत.

हरिकेनही या देशाला परके नव्हते. युरोपात ते जुने ठरू लागले, तेव्हा भारतीय वैमानिकांच्या हाती ते आले. १९४४च्या मार्चपासून जूनपर्यंत जपानी सैन्याने इंफाळचा रस्ता तोडला होता. आत अडकलेल्या फौजेला धान्य आणि दारूगोळा विमानांनीच पुरवावा लागत होता. त्या वेढ्याच्या काळात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाचे पहिले स्क्वाड्रन डोंगरदऱ्यांवरून हरिकेन उडवीत होते. पुढे ते भारतीय वायुसेनेचे मार्शल झाले. २०१७ साली त्यांचे निधन झाले. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक हरिकेन जतन केलेले आहे; त्याच्या पंखाखाली उभे राहिले, म्हणजे १७ सेंटिमीटर हे माप किती लबाड आहे ते कळते.

इंफाळच्या आकाशातील हरिकेन ओळखायची एक सोपी खूण आहे. ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळाच्या मध्यभागी लाल ठिपका असे; या आघाडीवर तो काढून टाकलेला होता, आणि वर्तुळात गडद व फिकट निळा एवढेच रंग उरले होते. जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब असे. घाईत एखाद्या तोफचीने लाल रंग पाहून आपलेच विमान पाडू नये, म्हणून ही काळजी. मुलांनी काळी लाकडी विमाने तासली ती याच भीतीपोटी, आणि निकोलसनला गोळी लागली तीही याच गफलतीने. निळ्याच रंगांचे हे वर्तुळ असलेले हरिकेन दुकानात क्वचित दिसते. इंग्लंडच्या आकाशातील १९४०चा उन्हाळा पुन्हा पुन्हा ओतला जातो. मणिपूरचा १९४४चा पावसाळा अभावानेच. ज्याला गिऱ्हाईक, त्याचा साचा, हा बाजाराचा न्याय आहे, आणि त्यावर रागावून फारसे काही साधत नाही.

काही प्रतिकृतींत कॉकपिटची काच सरकते आणि आत बसवायला वैमानिकाची एक बाहुली मिळते. उभी केली, तर ती सव्वादोन सेंटिमीटरांच्या आसपास भरेल. ७० किलो वजनाच्या माणसाला ७२च्या घनाने भागले, तर उरते सुमारे दीड गुंज. सराफाच्या काट्यावर ते वजन नोंदले जाईल. हाताला मात्र जाणवणार नाही.

संग्राहक मऊ कुंचल्याने विमानावरची धूळ झटकतो. पंखांच्या सांध्याशी भेग आली आहे का, ते पाहतो. मग फळीवर उभे केलेले छापील कार्ड उचलून तो त्याची कोरी पाठ वर करतो आणि पेन्सिलीने लिहितो, 'निकोलसन – २ मे १९४५, बंगालचा उपसागर'. थोडा थांबतो. त्याखाली आणखी एक ओळ लिहितो, 'पी ३६१६ – मार्टिन किंग, १६ ऑगस्ट १९४०'. कार्ड पुन्हा जागेवर ठेवताना ती पाठ तो समोर करतो आणि कपाटाची काच लावून घेतो.